ट्रेव्हर गारसाइडची उंची

आमच्या हेबलथॉर्पच्या रग्बी क्लबात माणसं मैदानावर असत त्यापेक्षा कागदावर उंच असत. सामन्याच्या दिवशी फाटकावर जी पुस्तिका विकली जायची, तिच्यात प्रत्येक खेळाडूचं नाव, वय, वजन आणि उंची छापलेली असे. त्या उंचीवर विश्वास ठेवणारा माणूस एक तर गावात नवा असे, नाहीतर पबमधून थेट आलेला. एका मोसमात माझा गुडघा गेला, तेव्हा सेक्रेटरींनी मला ऑफिसात बसवलं आणि ती पानं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी, नेव्हिल थ्यूलिस, सात नंबर, म्हणजे चेंडू वाटून चाल रचणारा, खरा पाच फूट सहा, त्या पानावर पाच फूट नऊ झालो. मग अकरा नंबरचा ट्रेव्हर गारसाइड आला. माझा जिवाभावाचा मित्र. चहाचा मग टेबलावर आदळून म्हणाला, "नेव्ह, मला सहा फूट एक लिही."

"लेका, तू पाच आठ आहेस. तेही बूट घालून."

"समोरचे दांडगे वाचतात ती पुस्तिका. घाबरू देत की जरा."

मी लिहिलं. पुढची नऊ वर्षं तो सहा फूट एक होता. समोरचे घाबरत, पण ते त्याच्या खांद्याला, उंचीला नव्हे. बेचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन तो गेला, तेव्हा गावच्या पेपरातही सहा फूट एकच छापून आलं. शवपेटी उचलणाऱ्या आम्हा सहा जणांना खरं काय ते माहीत होतं, आणि लॉरेनला, त्याच्या बायकोला.

त्यांचा मुलगा रीस तेव्हा दहा वर्षांचा होता. मी खेळणं सोडून क्लबातच पोरांना शिकवत होतो. पास कसा द्यायचा, किक कशी मारायची, समोरची फळी कुठे फाटते ते कसं ओळखायचं. आता या कामाला कौशल्य प्रशिक्षक म्हणतात. तेव्हा नुसतं "नेव्ह आहे तिकडे, त्याच्याकडे जा" म्हणत. रीस दर मंगळवारी शाळेतून थेट यायचा. मी मुद्दाम बादलीत बुडवलेला चेंडू त्याला द्यायचो, कारण आमच्याकडे कोरडा चेंडू वर्षातून चार वेळा मिळतो. तीस वर्षांत मी शेकड्यांनी पोरं पाहिली, पण असे हात पाहिले नाहीत. डावीकडून, उजवीकडून, धावताना, पडताना, पास जायचा तो घेणाऱ्याच्या बोटांत अलगद. घेणाऱ्याला वाटायचं, आपणच हुशार.

"नेव्हकाका, मी बाबांसारखा अकरा नंबर होणार नाही," तो एकदा म्हणाला. "मला सात नंबरच खेळायचंय. तुमच्यासारखं."

"माझ्यासारखं नको. मी बरा होतो. तू चांगला हो."

हसला. हसला की अगदी ट्रेव्हर दिसायचा.

तो पंधरा वर्षांचा झाला आणि क्लबात ऑलिव्हर पेनरोज आला. दक्षिणेकडचा, विद्यापीठात शिकलेला. जिथली रग्बी पंधरा जणांची आणि खेळणारे बड्या शाळांचे, तिथून आमच्या तेरा जणांच्या खेळात आलेला. त्याला विकास प्रमुख नेमलं होतं. मी त्याच्यावर पहिल्याच दिवशी दात धरला होता, हे कबूल करतो. पण माणूस वाईट नव्हता, आणि तेच माझ्या जिवाला जास्त लागतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं काय चालायचं? तेराव्या वर्षीच दाढी आलेली पोरं बाकीच्यांना तुडवायची, आम्ही टाळ्या पिटून त्यांनाच निवडायचो, आणि अठराव्या वर्षी सगळे सारखे झाले की आमचे राक्षस साधेच निघायचे. उशिरा वाढणारी चांगली पोरं तोवर घरी गेलेली असायची. पेनरोज म्हणाला, हे थांबवू. प्रत्येक पोराची पूर्ण वाढ किती होणार ते आधी काढू, मग ठरवू. पोराचं वय, वजन, आजची उंची, आईची उंची, बापाची उंची. पाच आकडे यंत्रात घालायचे, उत्तर बाहेर.

तर सगळ्या घरांना फॉर्म गेले. दोन दिवसांनी लॉरेनचा फोन आला. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, मागे भांड्यांचा खणखणाट चालू होता.

"नेव्ह, हे बापाची उंची मागतायत. काय लिहू?"

"का, तुला माहीत नाही?"

"लग्नात मी उंच टाचा घातल्या होत्या तर नाकाला नाक लागत होतं. पाच आठ असेल. पण पाच आठ लिहिलं तर काय होईल रे?"

मला माहीत होतं काय होईल. आदल्याच दिवशी पेनरोजने मला यादी दाखवली होती. त्या वयोगटात सात नंबरसाठी दोन पोरं आधीच पक्की होती, दोन्ही धिप्पाड. रीस तेव्हा पाच फूट पाच. वाढ संपत आलेली लहान पोरं या वर्षी क्लबातून सोडायची आणि वाढ बाकी असलेली ठेवायची, असं ठरलं होतं. रीसच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं.

"पुस्तिकेत काय आहे ट्रेव्हरची उंची?" मी विचारलं.

तिने कसलं तरी दार लोटलं, खणखणाट कमी झाला. मग म्हणाली, "नेव्ह, ते तर तूच लिहिलं होतंस."

"छापलेलं आहे ना? मग छापलेलं लिही. खोटं तर नाही, कागदावर आहे."

"पोराचं नुकसान नाही ना होणार?"

"अगं, मी आहे ना तिथे."

हे माझे शब्द. मी त्यांच्यात एक अक्षरही बदललेलं नाही.

निवडीची बैठक गुरुवारी होती. यंत्राने सांगितलं, रीस गारसाइड पाच फूट अकरा होणार. एक्क्याण्णव टक्केच वाढ झालीय, सहा इंच शिल्लक. पेनरोजचे डोळे चमकले.

"नेव्हिल, तुम्ही म्हणता तसे हात आणि पाच फूट अकरा? तुम्हाला कळतंय का हे काय आहे?"

"सात नंबर आहे तो," मी म्हणालो.

"सात नंबर दोन आहेत आपल्याकडे. हा सेकंड रो होईल, दुसऱ्या रांगेतला आदळणारा गडी. अकरा नंबर. पास देणारा अकरा नंबर, असा गडी सगळ्या देशात शोधून सापडत नाही. आणि वडीलही अकराच खेळायचे ना?"

तिथे मला बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. त्याच बैठकीत ल्यूक टूटहिल म्हणून एक चिमुरडा सात नंबर सोडला गेला. त्याच्या बापाने फॉर्मवर खरी उंची लिहिली होती, पाच फूट सहा. मी मनात म्हटलं, बघ, आपण आपला वाचवला. आधी आत राहू दे, नंबराचं पुढे बघू, हात आहेत, हात कुठे जातात? आणि मूग गिळून बसलो.

पण हात जातात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पेनरोजच्या आराखड्यात कौशल्याचे तास नेमून दिलेले होते. सात नंबरवाल्यांना माझ्याकडे आठवड्याला चार तास, सेकंड रोवाल्यांना एक. उरलेले तीन तास वजनं उचलायची, अंडी खायची, आणि एकमेकांवर आदळायला शिकायचं. अकरा नंबरचं काम साधं असतं: पूर्ण वेगात धावत जाऊन समोरच्या भिंतीवर आदळायचं, आणि समोरून भिंत धावत आली की तिला आडवं करायचं. हे शरीराने मोठ्या पोराचं काम. रीसचं शरीर मोठं व्हायचं होतं, असं कागद सांगत होता. म्हणून ते आधीपासूनच मोठं करायला घेतलं.

पोराने कुचराई केली नाही. उलट केली असती तर बरं झालं असतं. सकाळी ओट्स, सहा अंडी, दुधाच्या बाटल्या. कुठेतरी वाचलं की झोपेत माणूस वाढतो, तर बरोबरीची पोरं शुक्रवारी चिप्स घेऊन कालव्याच्या कठड्यावर बसायची तेव्हा हा नऊ वाजता दिवा मालवून पडायचा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फिजिओच्या खोलीत उंची मोजत. भिंतीवर तक्ता होता. त्यावर तुटक रेषेने त्याची होणारी वाढ काढलेली, वरवर जाणारी, आणि तिच्याखाली खरी वाढ काळ्या ठिपक्यांनी. पहिले चार महिने ठिपके रेषेच्या जरा खाली होते. वर्षाअखेरीस बरेच खाली. दुसऱ्या वर्षी ते आडवे चालू लागले.

"उशिरा वाढणारा आहे," पेनरोज म्हणायचा. "वडिलांकडे बघा ना."

मी वडिलांकडे बघायचो. मला दुसरं काही दिसायचंच नाही.

एका सोमवारी मोजणी झाल्यावर रीस माझ्या खोलीत आला. साडेसोळा वर्षांचा, मान जाड झालेली, चेहरा मात्र तोच. दाराशी उभा राहून म्हणाला, "कोच, पाव इंच."

क्लबात तो मला कोच म्हणायचा. घरी नेव्हकाका.

"पाव इंच म्हणजे वाढलास ना?"

"तीन महिन्यांत पाव इंच. बाबा माझ्या वयाचे असताना केवढे होते? तुम्ही तर शाळेपासून ओळखत होतात."

"आठवत नाही रे. कोण मोजत होतं तेव्हा?"

"आईपण हेच म्हणते." तो जमिनीकडे बघत होता. "माझंच काहीतरी चुकतंय. झोप पुरी होत नसेल."

त्या संध्याकाळी लॉरेनचा फोन आला. या वेळी मागे भांडी वाजत नव्हती. म्हणाली, "नेव्ह, सांगून टाकूया का? पोरगा रात्री पाय ताणून झोपतो रे. पाय दुमडू नयेत म्हणून त्यांना उशी बांधतो. बघवत नाही."

"आता सांगून काय होणार? खोटं लिहिलं म्हणून काढून टाकतील. वर्ष तर जाऊ दे. अठराला करार होतो, मग सांगू, हसू आणि विसरू."

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली. ट्रेव्हर गेल्यापासून ती प्रत्येक बाबतीत हेच म्हणायची. मला ते आवडायचं, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात तीन सामने होते. तिसऱ्या सामन्यात समोरचा अकरा नंबर सहा फूट दोन, खराखुरा, कागदावरचा नव्हे. तो पहिल्यांदा धावत आला, रीसने त्याला पाडलं. दुसऱ्यांदा आला, पाडलं. आमच्या बाजूचे लोक ओरडत होते, "शाब्बास, गारसाइडच तो! बापाचं रक्त!" तिसऱ्यांदा रीसने उजवा खांदा घातला आणि तो खांदा जागेवर राहिला नाही. हात अंगाला लावलेला नसावा तसा लोंबत होता. मी मैदानाच्या कडेपासून धावत गेलो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कोच, मी वाकलो जरा जास्त. उंच असतो तर नीट लागला असता." दुखण्याने ओठ पांढरे पडले होते आणि तरी तो चूक शोधत होता, स्वतःची.

ऑपरेशन झालं. चार महिने हात झोळीत. मोसम संपला, सप्टेंबर आला आणि अठरा वर्षांच्या पोरांचे निर्णय सांगायचा दिवस आला. रीस पाच फूट सात होता. वजन मात्र पाच फूट अकराच्या माणसाचं, त्यामुळे पळताना जड. आणि माझ्याकडे आठवड्याला एकच तास, तोही निम्म्या वेळा वजनांच्या खोलीने खाल्लेला. त्या हातांत आता फक्त पकड उरली होती, जादू नव्हती.

पेनरोजने नीट सांगितलं, पोराच्या डोळ्यांत बघून. मी बाजूला बसलो होतो.

"रीस, चूक आमच्या अंदाजाची आहे, तुझी नाही. इतकी चूक कधी होत नाही. का झाली ते मला खरंच कळत नाही."

"सॉरी, सर," रीस म्हणाला.

तो सॉरी म्हणाला.  पेनरोजने कागद उलटेपालटे केले, हात पुढे केला. रीसने उजवा हात पुढे केला, तो कोपरापासूनच, वरचा भाग न हलवता.

त्याच आठवड्यात पेपरात आलं होतं, ल्यूक टूटहिलला डोंगरापलीकडच्या एका मोठ्या क्लबाने सात नंबर म्हणून दोन वर्षांसाठी घेतलं. आम्ही सोडल्यावर तो गावच्या हौशी संघात गेला होता. तिथे दर शनिवारी चेंडू त्याच्याच हातात. उंची बापाएवढीच, पाच सहा. तीन वर्षं कुणी त्याला मोजलं नाही.

मी गाड्या लावतात तिथे रीसला गाठलं. पाऊस नव्हता, नुसतं धुकं खाली उतरलेलं. त्याने क्लबची बॅग डाव्या खांद्यावर घेतली होती आणि बसची वाट बघत कुंपणाला टेकला होता.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो. "तुझं काही चुकलं नाही. तुझे बाबा सहा फूट एक नव्हते. पाच आठ होते. पुस्तिकेत मी खोटं लिहिलं होतं, आणि फॉर्मवर तेच लिहायला मीच लावलं. तुला इथे ठेवून घ्यावं म्हणून. तुझ्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. सगळं माझं."

तो ऐकत राहिला. मला वाटलं ओरडेल. मला खरं तर तेच हवं होतं.

"आईने काल रात्री सांगितलं," तो म्हणाला. "ती म्हणाली, तिने एकटीने लिहिलं. तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं म्हणाली."

मी बस येते त्या वळणाकडे बघितलं.

"म्हणजे अजूनही दोघं खोटंच बोलताय. एकमेकांना वाचवायला." त्याचा आवाज चढला नव्हता. "नेव्हकाका, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, कळत होतं मला. मला का नाही विचारलंत? मी म्हटलं असतं, नको. सोडू देत मला. मी टूटहिलबरोबर गेलो असतो. गावच्या संघात सात नंबर खेळलो असतो. मला कुठे मोठ्या क्लबात जायचं होतं? मला सात नंबर खेळायचं होतं."

"अजून खेळशील," मी घाईने म्हणालो. "गावच्या संघाला सात नंबर हवाच आहे आता. मी बोलतो त्यांच्याशी. मंगळवारी ये, पहिल्यापासून सुरू करू. हात परत येतात रे. सहा महिने दे मला."

त्याने बॅग खाली ठेवली. उजवा हात पुढून उचलायला लागला. छातीपर्यंत आला आणि थांबला. त्याने दात आवळून जोर लावला, पण हात वर गेला नाही. तो दाखवत होता, रागाने नाही, दुकानदार वस्तू दाखवतो तसा.

"एवढाच जातो. डॉक्टर म्हणाले, हा एवढाच. आई शर्ट काढते माझा, सकाळ-संध्याकाळ." मग हात सोडून दिला. "बाबा माझ्याएवढेच होते ना?"

"तुझ्याहून एक इंच जास्त."

"एक इंच," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा बांध फुटला. "दोन वर्षं मला वाटत होतं, मी त्यांच्यासारखा नाहीये."

बस आली. मी त्याची बॅग उचलायला वाकलो, पण त्याने ती माझ्याआधी डाव्या हाताने घेतली आणि मागे न बघता चढला. तो मागच्या बाजूला जाऊन बसला. मी बस सुटेपर्यंत तिथेच उभा राहिलो, आणि नंतरही बराच वेळ, कारण आत पेनरोज पुढच्या वर्षीच्या पोरांचे फॉर्म घेऊन माझी वाट बघत होता.